ताप हटेना, घसा उघडेना: घरात मोनोन्यूक्लिओसिस आला तर काय करायचं

"आई, पाणीसुद्धा गिळवत नाहीये." ऑगस्टमधल्या एका रात्री लेक फोनवर एवढंच बोलली. ती १९ वर्षांची, पुण्यात होस्टेलवर, कॉलेजच्या खो-खो संघात. चार दिवसांपासून ताप होता. कॉलेजजवळच्या एका दवाखान्यात टॉन्सिल्स सुजलेत म्हणून अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा कोर्स दिला होता. सातव्या दिवशी तिला साताऱ्याला घरी आणलं तेव्हा ताप १०२, डोळ्यांच्या वरच्या पापण्या फुगलेल्या आणि अंगात त्राण असं नाहीच. नवव्या दिवशी सकाळी वेणी घालायला बसले, केस वर उचलले, तर मानेपासून पाठभर लालभडक पुरळ. आणि मानेच्या मागे, केस संपतात तिथे, बोटांना गाठी लागल्या. वाटाण्याएवढ्या, दोन्ही बाजूंना, एकीखाली एक.

त्या गाठींनी मी जितकी घाबरले तितकी तापाने घाबरले नव्हते. त्याच दिवशी फिजिशियनकडे गेलो, रक्त तपासलं आणि आजाराचं नाव कळलं: इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस. बोलताना डॉक्टर नुसतं 'मोनो' म्हणतात, जुने डॉक्टर 'ग्लँड्युलर फीव्हर' म्हणतात.

मी डॉक्टर नाही. पण पुढचे दोन महिने या आजाराबरोबर काढताना डॉक्टरांना जे जे विचारलं, जे वाचलं आणि जिथे आम्ही चुकलो, ते सगळं क्रमाने इथे लिहिते आहे. तुमच्या घरातलं पोर आज तापाने पडलेलं असेल तर डॉक्टरांकडे जायच्या आधी आणि जाऊन आल्यावर याचा उपयोग होईल. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या आजाराला मारणारं औषध नाही, आणि बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. नुकसान होतं ते घाईमुळे: नको ते अँटिबायोटिक घाईने सुरू केलं म्हणून, आणि ताप उतरल्या उतरल्या मैदानात उतरलं म्हणून.

आधी हा आजार काय आहे ते समजून घ्या

हा एप्स्टाईन-बार नावाच्या विषाणूचा आजार. रिपोर्टवर तो ईबीव्ही असा येतो. कांजिण्या आणि ओठांवर उठणारी नागीण यांचे विषाणू ज्या हर्पिस कुळातले, त्याच कुळातला हा. लाळेतून पसरतो. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन गेलेला असतो, आणि एकदा शिरला की रक्तातल्या बी-पेशींमध्ये (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जन्मभर झोपून राहतो.

मग सगळ्यांनाच हा आजार का दिसत नाही? कारण विषाणू कोणत्या वयात गाठतो त्यावर सगळं अवलंबून आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला झाला तर साधी सर्दी, जरासा ताप, किंवा काहीच नाही. आपल्याकडे एका ताटात जेवणारी भावंडं आणि आपल्या तोंडातला घास मऊ करून नातवाला भरवणारी आजी असायची, तिथे तो बाळपणीच होऊन जायचा आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. लहान कुटुंबात, वेगळा चमचा, वेगळी बाटली अशा घरात वाढलेल्या मुलांची गाठ त्याच्याशी पडते ती थेट कॉलेजात. १५ ते २४ या वयात पहिल्यांदा संसर्ग झाला की शरीर त्याच्यावर असं काही तुटून पडतं, की त्या लढाईलाच आपण मोनो म्हणतो. ताप, गाठी, सुजलेला घसा ही बरीचशी आपल्याच फौजेची धूळ आहे.

विषाणू सापडला त्याची हकीकत मला फार आवडली. डेनिस बर्किट नावाचे शल्यचिकित्सक युगांडात काम करत होते. तिथल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाचे नमुने लंडनला आले, आणि १९६४ साली अँथनी एप्स्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत हा विषाणू पाहिला. पण त्याचा या तापाशी संबंध आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले हे दाम्पत्य या विषाणूवर काम करत होतं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडीजचा, मागमूस नव्हता. १९६७ मध्ये ती मोनोने आजारी पडली, बरी होऊन कामावर आली, पुन्हा रक्त तपासलं, तर आता प्रतिपिंडं होती. तिच्या आजारपणाने दुवा जुळला. आजार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. जर्मनीत एमिल फायफर यांनी १८८९ मध्येच त्याला 'गाठींचा ताप' म्हटलं होतं.

साधा घसा की मोनो? घरी काय पाहायचं

सुरुवात कपटी असते. दोन-चार दिवस नुसतं अंग मोडून आल्यासारखं, डोकं जड, भूक नाही. मग ताप चढतो आणि घसा धरतो. घशाचं दुखणं साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असतं. गिळताना काटे टोचावेत तसं. टॉर्च मारून पाहिलं तर टॉन्सिल्स इतके सुजलेले की मध्ये जेमतेम फट, वर पांढरट थर, कधी टाळूवर बारीक लाल ठिपके. नुसतं एवढंच पाहिलं तर जिवाणूंमुळे होणाऱ्या टॉन्सिल्सपेक्षा वेगळं काहीच दिसत नाही. चांगले डॉक्टरही इथे चकतात, म्हणून पहिल्या दवाखान्याला मी दोष देत नाही.

फरक दिसतो तो घशाच्या बाहेर. टॉन्सिल्सच्या जिवाणू संसर्गात गाठी जबड्याखाली, पुढच्या बाजूला येतात. मोनोमध्ये त्या मानेच्या मागच्या बाजूलाही येतात, कधी काखेत आणि जांघेतही. दुसरी खूण थकवा. तापाने येणारा अशक्तपणा वेगळा आणि हा वेगळा. माझी लेक बाथरूमपर्यंत जाऊन आली की भिंतीला टेकून उभी राहायची. तिसरी खूण पापण्यांची सूज. ती थोड्याच रुग्णांत आणि सुरुवातीच्या दिवसांत दिसते. आम्ही तिला जागरणाची सूज समजलो. चौथी खूण दिवसांची: जिवाणूंचा घसा अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत वळणावर येतो. औषध चालू असून पाचव्या दिवशीही ताप तसाच असेल, तर 'अजून थोडं थांबू' म्हणू नका, डॉक्टरांना पुन्हा दाखवा आणि मानेतल्या गाठींबद्दल आपण होऊन सांगा.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर तापाच्या वेळा आणि आकडे, आतापर्यंत घेतलेली प्रत्येक गोळी, पुरळ आलं असेल तर कोणत्या गोळीनंतर कितव्या दिवशी, एवढं लिहून न्या. आमच्या डॉक्टरांनी तो कागद माझ्या बोलण्यापेक्षा जास्त वेळ पाहिला.

ते लाल पुरळ

मोनो असताना पेनिसिलिनच्या कुटुंबातलं अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन दिलं तर अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं. हे वैद्यकात जुनं आणि ठाऊक असलेलं दृश्य आहे. जुन्या पुस्तकांत 'जवळजवळ सगळ्यांनाच उठतं' असं असायचं, अलीकडच्या अभ्यासांत प्रमाण त्याहून बरंच कमी दिसलं आहे, पण होतं हे नक्की. औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी छाती-पाठीवर सुरू होतं, हातापायांवर पसरतं, खाजतं, आणि औषध बंद केल्यावर जातं.

ते दिसलं की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चेहरा-ओठ सुजले, श्वास लागला, तोंडात फोड आले किंवा कातडी सोलवटायला लागली तर ते वेगळं आणि गंभीर आहे, सरळ हॉस्पिटल गाठा. पण नुसतं पुरळ असेल तर बहुतेक वेळा ती पेनिसिलिनची खरी ॲलर्जी नसते. विषाणू आणि औषध एकत्र आल्याने तेवढ्यापुरतं होतं. ही गोष्ट महत्त्वाची का, ते शेवटी सांगते.

मोनो विषाणूचा आजार, त्यामुळे अँटिबायोटिक त्याला काही करत नाही. काही मुलांना मोनोबरोबर घशात जिवाणूही असतात. तसं तपासणीत निघालं तर डॉक्टर पेनिसिलिनच्या कुटुंबाबाहेरचं औषध निवडू शकतात. ते त्यांना ठरवू द्या, केमिस्टला नको.

रक्ततपासणी, आणि रिपोर्ट हातात आल्यावर

पहिली तपासणी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. फक्त लॅबला पेशी स्लाइडवर डोळ्यांनी पाहायला सांगा, नुसत्या मशीनच्या आकड्यांवर सोडू नका. मोनोमध्ये पांढऱ्या पेशी बहुतेकदा वाढलेल्या असतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लिम्फोसाइट (बी-पेशी, टी-पेशी यांच्या जातीच्या) असतात, आणि त्यांतही १० टक्क्यांच्या वर 'ॲटिपिकल', म्हणजे मोठ्या, वाकड्यातिकड्या आकाराच्या. आमच्या रिपोर्टवर अगदी खाली, शेऱ्याच्या जागी ती ओळ होती. मी ती गाडीत बसून वाचली आणि 'ॲटिपिकल' म्हणजे कॅन्सर असं समजून डॉक्टरांच्या जिन्यातच रडले. तुम्ही तसं करू नका. या पेशी बहुतांशी टी-पेशी असतात, विषाणू शिरलेल्या बी-पेशींना हुडकून मारायला निघालेल्या. म्हणून तर १९२० साली जॉन्स हॉपकिन्सच्या स्प्रंट आणि एव्हन्स या दोघांनी आजाराला मोनोन्यूक्लिओसिस नाव दिलं. रक्तात एककेंद्रकी पेशींची गर्दी. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, शंका घेण्यासारखं काही असेल तर पॅथॉलॉजिस्ट ते वेगळ्या शब्दांत लिहितात, आणि तुमचे डॉक्टर स्वतः फोन करतात.

दुसरी तपासणी मोनोस्पॉट. या आजारात शरीर अशी काही विचित्र प्रतिपिंडं बनवतं, की ती घोड्याच्या किंवा मेंढीच्या लाल पेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतात. पॉल आणि बनेल यांनी १९३२ मध्ये यावरून तपासणी बसवली, मोनोस्पॉट हे तिचंच सोपं रूप. स्वस्त आणि झटपट, पण सगळ्या लॅबमध्ये मिळत नाही आणि दोन ठिकाणी फसवते. पहिल्या आठवड्यात केली तर चारातल्या एकाच्या आसपास रुग्णांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि चार वर्षांच्या आतल्या मुलांत तर ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. म्हणून निगेटिव्ह आली आणि लक्षणं तशीच असली तर डॉक्टर पुन्हा करतात किंवा तिसऱ्या तपासणीकडे वळतात.

ती तिसरी म्हणजे ईबीव्हीची प्रतिपिंडं. रिपोर्टवर तीन नावं येतात: व्हीसीए आयजीएम, व्हीसीए आयजीजी आणि ईबीएनए. व्हीसीए आणि ईबीएनए हे विषाणूचे वेगवेगळे भाग; आयजीएम हे आधी येणारं प्रतिपिंड, आयजीजी हे पुढे टिकून राहणारं. व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह आणि ईबीएनए निगेटिव्ह, म्हणजे संसर्ग ताजा. ईबीएनए पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह, म्हणजे विषाणू कधीतरी पूर्वी येऊन गेला, आजच्या तापाचं कारण दुसरीकडे शोधा. नुसतं व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर त्याला फारसा अर्थ नाही, ते आपल्यापैकी बहुतेकांचं पॉझिटिव्हच येईल. ईबीएनए उगवायला आजारानंतर दोन ते चार महिने लागतात आणि मग ते आयुष्यभर टिकतं.

बरोबर लिव्हरच्या तपासण्याही करतात. मोनोमध्ये बहुतेकांच्या यकृताला थोडी सूज असते, एसजीपीटी-एसजीओटी वाढलेले येतात आणि काही आठवड्यांत आपोआप उतरतात. कावीळ क्वचित दिसते.

आता आपल्याकडचा घोळ. पावसाळ्यात ताप आला की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड तपासलेच पाहिजेत, त्यात चूक काही नाही. मोनोमध्येही प्लेटलेट थोड्या उतरू शकतात, त्यामुळे डेंग्यूचा संशय येणं स्वाभाविक आहे. पण विडाल तपासणीत फिकट पॉझिटिव्ह आलं एवढ्यावर टायफॉइड म्हणून इंजेक्शनं सुरू करू देऊ नका. विडाल दुसऱ्या तापांतही पॉझिटिव्ह येते. टायफॉइडचा भरवशाचा पुरावा ब्लड कल्चर. आणि डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी सांगितली तर रागावू नका, मुलीकडे संशयाने पाहू नका. एचआयव्हीच्या ताज्या संसर्गाचं चित्र हुबेहूब मोनोसारखं असू शकतं, म्हणून नीट विचार करणारा डॉक्टर ती सांगतोच. सायटोमेगॅलो हा विषाणू आणि टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, हे मोनोचं सोंग घेणारे आणखी दोन तोतये. घशात करड्या रंगाचा, चिकटून बसलेला पापुद्रा दिसला तर मात्र घटसर्प नाही ना हे त्याच दिवशी पाहून घ्यायचं.

घरची शुश्रूषा

नाव कळलं, आता पुढचे दोन-तीन आठवडे तुमचे आहेत.

सगळ्यात आधी पाणी. घसा दुखतो म्हणून पोर पाणी टाळतं, पाणी टाळलं की ताप वाढतो, लघवी पिवळीजर्द होते आणि मग सलाइनसाठी दाखल व्हावं लागतं. मी तांब्या-भांडं तिच्या हाताशी ठेवलं आणि घड्याळाच्या तासाला दोन घोट असा नियम केला. तांदळाची पेज, मीठ घातलेलं पातळ ताक, नाचणीचं आंबील, मुगाच्या डाळीचं पाणी, शहाळं. लिंबू, चिंच, कोकम आणि तिखट घशाला झोंबतं, ते थोडे दिवस बाजूला. गार चालतं. आपल्याकडे घसा धरला की गार म्हणजे शत्रू, पण या सुजलेल्या घशाला गार दुधाने, अगदी आइस्क्रीमच्या दोन चमच्यांनीसुद्धा आराम पडतो. माझ्या सासूबाईंना हे पटायला दोन दिवस लागले; नात वाटीभर खीर पहिल्यांदा गिळू शकली ती फ्रिजमधली होती, तेव्हा पटलं. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा.

तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात, पण यकृत सुजलेलं असताना डॉक्टर बहुधा त्याहून कमी ठेवतात. तुमची मर्यादा त्यांच्याकडून आकड्यात लिहून घ्या. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच, ते धरून हिशेब करा. आयबुप्रोफेन डेंग्यूची शंका पूर्ण फिटल्याशिवाय नको. ॲस्पिरिन १८ वर्षांखालच्या मुलांना अजिबात नाही; विषाणूच्या तापात त्याने मेंदू आणि यकृत यांना धोका पोचू शकतो, रेज सिंड्रोम म्हणतात त्याला.

स्टेरॉइडने घसा एका दिवसात मोकळा होतो असं कुणी तरी सांगेल. ते औषध सूज इतकी की श्वासच अडतोय, किंवा रक्तपेशी झपाट्याने कमी होताहेत, अशा वेळी हॉस्पिटलात देण्याचं आहे. असायक्लोव्हिर, जे नागिणीला देतात, त्याने मोनोचा ताप लवकर उतरतो असं दिसलेलं नाही.

आणि काढे. प्रेमाने आणून देणाऱ्यांना नाही म्हणणं कठीण असतं, पण म्हणा. हळद-दूध द्या, काही बिघडत नाही. गुळवेलीचे आणि अशा इतर वनस्पतींचे दाट काढे, चूर्णं मात्र यकृताची सूज उतरेपर्यंत नकोत. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, वाद अजून आहे. पण आधीच सुजलेल्या यकृतावर ही परीक्षा आपण कशाला घ्यायची? दारू तर महिना-दोन महिने पूर्ण बंद. कॉलेजच्या मुलाला हे तोंडावर, स्पष्ट शब्दांत सांगा, 'आमचा मुलगा घेत नाही' असं गृहीत धरू नका.

प्लीहा: इथे चूक करू नका

डाव्या बरगड्यांच्या खाली, जठराच्या मागे प्लीहा असते. जुनी माणसं पानथरी म्हणतात. रक्त गाळणारा, मुठीएवढा, मऊ अवयव. मोनोमध्ये ती लढाऊ पेशींनी भरून फुगते. हाताने तपासून जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती मोठी लागते, सोनोग्राफीत त्याहूनही जास्त जणांत. फुगली की ती बरगड्यांच्या आडोशातून खाली उतरते आणि तिचं आवरण ताणून पातळ होतं. अशा वेळी पोटावर मार बसला, कधी कधी तर काहीच न लागता, ती फुटू शकते. हे फार क्वचित होतं, शंभरात एकापेक्षाही कमी. पण झालं तर पोटात रक्तस्राव होतो आणि जीव टांगणीला लागतो. बहुतेक घटना आजार सुरू झाल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांतल्या असतात. म्हणजे नेमक्या त्या दिवसांतल्या, जेव्हा ताप उतरलेला असतो आणि पोराला वाटतं आपण बरे झालो.

आमच्याकडे चौदाव्या दिवशी ताप गेला आणि सोळाव्या दिवशी तिच्या क्रीडाशिक्षकांचा फोन आला. निवड चाचणी दहा दिवसांवर होती. "काकू, नुसतं बसायला येऊ दे तिला पाटीत. पळायला लावणार नाही." सर मनाने चांगले, मुलीसारखं जपतात. पण खो-खो मला ठाऊक आहे. पाटीत बसलेल्या मुलीला खो मिळाला की ती विचार करत नाही, उठते, आणि समोर गडी दिसला की सूर मारते. पोटावर आडवी. मी त्यांना डॉक्टरांशी बोलायला लावलं. डॉक्टरांनी फोनवर पाचच मिनिटं घेतली, त्यानंतर सरांनीच लेकीला सांगितलं, "या वर्षीची चाचणी गेली तर जाऊ दे."

तर नियम असा. लक्षणं सुरू झाल्या दिवसापासून किमान तीन आठवडे कोणताही खेळ नाही, व्यायामशाळा नाही. तीन आठवड्यांनंतर ताप नसेल, अंगात ताकद वाटत असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर चालणं, हलकं धावणं. अंगाला अंग भिडतं अशा खेळांसाठी, म्हणजे कुस्ती, कबड्डी, खो-खो, फुटबॉल, मल्लखांब, दहीहंडीचे थर, बरेच डॉक्टर चार आठवडे किंवा त्याहून जास्त थांबवतात. तालमीतल्या पोरांच्या घरच्यांनी वस्तादांना हे स्वतः जाऊन सांगावं. पोरगं सांगणार नाही.

घरातही जड उचलणं नाही: पाण्याची कळशी नाही, सिलिंडर नाही. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथण्याने पोटात जोर पडतो. धाकटी भावंडं अंगावर उड्या मारणारी असतील तर त्यांना आवरा. आणि कौतुकाने किंवा काळजीने पोट दाबून 'सूज कमी झाली का बघू' हे कुणीही करायचं नाही, फक्त डॉक्टर. दर आठवड्याला सोनोग्राफीची गरज नसते. खेळाडू असेल तर परत उतरण्याआधी डॉक्टर कधी कधी सांगतात.

पोटात डावीकडे वर अचानक कळ, किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला कारण नसताना दुखणं, त्याबरोबर घाम, चक्कर, चेहरा पांढरा पडणं, यातलं काही झालं तर गोळी देऊन वाट पाहू नका. खांद्याचं दुखणं ऐकून लोक मलम लावतात. पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. १०८ ला फोन करा किंवा सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा, आणि दारातच सांगा: मोनो झालाय, प्लीहेची भीती आहे.

याखेरीज लगेच न्यावं अशा गोष्टी: श्वास घेताना घरघर किंवा लाळही गिळता न येणं, आठ-दहा तास लघवी नाही, मान ताठ, असह्य डोकेदुखी, बरळणं किंवा झटका, डोळे पिवळे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, तापाचा दहावा दिवस उलटूनही पारा खाली न येणं.

लोक काय म्हणतील, आणि घरातल्यांना होईल का

इंग्रजीत या आजाराला 'चुंबनाचा आजार' म्हणतात. कुणीतरी मोबाइलवर शोधतं, तेवढंच वाचतं आणि मुलीकडे पाहण्याची नजर बदलते. आमच्या नात्यातही झालं. लेकीने भिंतीकडे तोंड करून झोपायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं. म्हणून ठासून लिहिते: विषाणू लाळेत असतो, आणि लाळ एका बाटलीतून पाणी पिताना, एका चमच्याने पाणीपुरीचं पाणी चाखताना, खोकताना, लहान बाळाचा पापा घेतानाही जाते. खो-खोच्या सरावात बारा मुली एकाच बाटलीला तोंड लावतात. शिवाय संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात आणि ज्याच्याकडून आला तो बहुधा ठणठणीत असतो. कुणाकडून आला हे शोधता येत नाही, शोधूही नये.

घरातल्यांपैकी बहुतेकांना तो कधीचाच होऊन गेलेला असतो. वेगळी खोली, मास्क, भांडी उकळणं यांची गरज नाही. ताट-वाटी साबणाने धुतली की पुरे. पेला, चमचा, टूथब्रश मात्र स्वतंत्र, उष्टं कुणी खाऊ नये. लाळेत विषाणू बरे झाल्यावरही कित्येक महिने सापडतो, आणि आपल्या सगळ्यांच्याच लाळेत तो अधूनमधून उगवत असतो, त्यामुळे मुलाला महिनोन्महिने बंद करून ठेवण्यात अर्थ नाही. घरात केमोथेरपी चालू असलेलं, अवयवरोपण झालेलं कुणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना कळवा. रक्तदान पूर्ण बरं होईपर्यंत नको. लस अजून नाही.

कॉलेजात परत

ताप साधारण एक ते दोन आठवडे, गाठी तीन-चार आठवडे, आणि थकवा त्याच्या मर्जीने. बरीच मुलं महिनाभरात रुळावर येतात, काहींना दोन-तीन महिने लागतात, थोड्यांचा थकवा सहा महिन्यांपलीकडेही रेंगाळतो. या काळात 'आळशीपणा' हा शब्द घरात उच्चारू नका. अंथरुणाला खिळवूनही ठेवू नका. जमेल तेवढं उठणं-बसणं, अंगणात फेरी, दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. आम्ही एक साधा हिशेब ठेवला: आजच्या कामाने उद्या सकाळी ती कालच्यापेक्षा जास्त थकलेली उठली तर दोन दिवस पाऊल मागे. पाचव्या आठवड्यात ती रोज दोन तास लेक्चरला बसू लागली, आठव्यात पूर्ण दिवस. हजेरीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र पहिल्याच आठवड्यात घेऊन कॉलेजात पोचवा, परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ होते.

महिन्याने सीबीसी आणि लिव्हरच्या तपासण्या पुन्हा करून त्या पूर्ववत झाल्याची खात्री करा. दीड महिन्यानंतरही एखादी गाठ तशीच असेल, वाढत असेल, दगडासारखी लागत असेल, किंवा वजन घटतंय, रात्री घामाने कपडे भिजताहेत असं असेल, तर तिला मोनोच्या खात्यात ढकलू नका. आपल्याकडे मानेतल्या गाठीचा क्षयरोग आहे, लिम्फोमा म्हणजे गाठींचा कर्करोग आहे. गाठ तपासून घ्या.

पुढे काय, असं इंटरनेटवर शोधाल तर मल्टिपल स्क्लेरोसिस हे मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका आजाराचं नाव दिसेल. अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की ईबीव्हीच्या संसर्गानंतर त्या आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. काही कर्करोगांशीही या विषाणूचं नातं आहे. हे खरं आहे. पण नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं हा विषाणू अंगात घेऊन आयुष्य काढतात आणि त्यांतल्या अगदी थोड्यांना असं काही होतं. त्यासाठी आज करायची कोणतीही तपासणी नाही, घ्यायचं कोणतंही औषध नाही.

आज करायचं राहिलंय ते फाइलचं काम. एका कागदावर लिहा: मोनो कधी झाला, ईबीव्हीचा रिपोर्ट काय, कोणत्या गोळीनंतर कितव्या दिवशी पुरळ आलं. आणि डॉक्टरांकडून त्याखाली लिहून घ्या, की ही पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, नाही, की पुढे तपासून ठरवायचं. नाहीतर 'पेनिसिलिन चालत नाही' हा शिक्का आयुष्यभर मागे लागतो, आणि उद्या न्यूमोनिया झाला, बाळंतपणात संसर्ग झाला, तर सगळ्यात चांगलं आणि स्वस्त औषध हाताशी असून देता येत नाही. आमच्या फाइलमध्ये तो कागद पहिल्या पानावर आहे, रिपोर्टच्या वर, टाचणीने लावलेला.